भरल्या ओटीचं उदाहरण

कार्तिक सरत आला तरी आभाळ निवळायचं नाव घेईना. खाली वावरं कापसानं पांढरी झालेली आणि वर रोज दुपारी काळे ढग येऊन बसायचे. पाऊस पडला की फुटलेला कापूस बोंडातच भिजून पिवळा पडणार, त्यामुळे ज्याची त्याची घाई चालली होती. नांदऱ्यात वेचणाऱ्या बायांची टोळी एकच, मंदाबाईची. जो तो सकाळी तिच्या दारात. मंदाबाई कोणालाच नाही म्हणायची नाही आणि कबूल केलेल्या दिवशी बहुतेक कोणाकडे जायचीही नाही. शिव्या मात्र सगळ्यांच्या हसून ऐकून घ्यायची.

या कामासाठी तिच्या नवऱ्यानं, अभिमननं, सुरतेहून एक मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला होता. तो तिकडे साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला. दिवाळीला यायचा, आठ दिवस झोपून काढायचा आणि परत जायचा. फोन नावाला मंदाबाईचा. तिला त्यातलं हिरवं बटण तेवढं कळायचं. बाकी सगळा फोन तिच्या पोरीचा, दिपमालाचा. शाळा सुटली की, सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून, दिपमाला बापाचा जुना फुलशर्ट अंगावर चढवून आईबरोबर वावरात जायची आणि फोन त्या शर्टाच्या खिशात असायचा.

दिपमाला दहावीला. तिच्या वर्गात हुशार म्हणून तिचं नाव होतं, पण तिचा खरा वर्ग त्या फोनमध्ये भरायचा. ग्रुपचं नाव 'दहावी मदत केंद्र'. कोणी जळगावचं, कोणी एरंडोलचं, कोणी पारोळ्याचं. ज्याला अडेल त्यानं गणिताचा फोटो टाकायचा, ज्याला येईल त्यानं सोडवून द्यायचं. बीजगणित आणि भौतिकशास्त्र दिपमालाकडे, इंग्रजी आणि जीवशास्त्र जळगावातल्या मेहरूणच्या तबस्सुमकडे, असं कोणी न ठरवता ठरून गेलेलं. लिहायला दिपमालाला फुरसत कुठली? ती वेचता वेचता बोलून आवाज पाठवायची. मग तबस्सुम तो ऐकून स्वच्छ मराठीत टाइप करून टाकायची, कारण शहरातल्या अर्ध्या पोरांना दिपमालाची अहिराणी झेपायची नाही. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, पण दिवसातून दहा वेळा बोलणं असायचं.

त्या शुक्रवारी शाळा सुटून दिपमाला वावरात आली तोच जळगावच्या रोनकनं ग्रुपवर विचारलं, 'गुरुत्वमध्य कोणी समजावेल का? गाईडमधलं सगळं डोक्यावरून जातंय.' रोनकच्या बापाचं, सोहनलालचं, कापडाचं मोठं दुकान. घरी शिकवायला वेगळे सर येत होते. तरी तो विचारायचा इथंच.

दिपमालानं वाचलं आणि उत्तर शोधायला मान वर केली. समोरून तिची आई येत होती. कमरेला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या ओटीत कापूस ठासून भरलेला, ओटी पोटापुढे हातभर आलेली. मंदाबाई मागे रेलून, पाय फाकवून, बदकासारखी चालत ढिगाकडे निघाली होती. दिपमालानं बटण दाबून धरलं.

"आयक रोनक. मन्ही माय कापूस येची ऱ्हायनी. कंबरले ओटी शे. ओटी रिकामी ऱ्हास तव्हय ती सरळ चालस. आते ओटी भरनी, पुढे वजन ऊनं, मंग ती काय करस? मांगे रेलस. काब्र? तं तिन्हा आनि कापूसना मिळीसन जो गुरुत्वमध्य शे ना, तो पुढे सरकना. त्यानी उभी रेघ पायना बाहेर पडनी तं माय तोंडवर पडी! म्हनीसन मांगे रेलस, रेघ परत पायमा आनस. आनि पाय फाकाडस, म्हंजे रेघले पडाले जागा मोठी. समजनं का?"

शेजारच्या ओळीतली यशोदाबाई कंबर धरून उभी राहिली. "कोनले शिव्या देस वं पोरी?"

"शिव्या नही वं अक्का. जळगावना पोरेस्ले शिकाडी ऱ्हायनी."

"मायनी चाल दाखाडीसन?" बाया खदखदून हसल्या. मंदाबाईही हसली. कशाला हसतात ते तिला कळलं नव्हतं.

थोड्या वेळानं तबस्सुमनं लिहून टाकलं. 'माझी आई कापूस वेचते. ती कमरेला ओटी बांधते. ओटी भरली की ती मागे रेलते, कारण...' असं शेवटपर्यंत, ओळीनं. 'माझी आई' तिनं तसंच ठेवलं. पोरांनी खाली अंगठे दाखवले, वहीत उतरवून घेतलं आणि आपल्याकडे उत्तर पाठ करायची जी रीत आहे, त्या रीतीनं शब्दाला शब्द पाठ करून टाकलं.

रविवारी परीक्षा होती. जळगावात पिंप्राळ्यातला एक क्लास दरवर्षी दहावीच्या पोरांची लेखी परीक्षा घ्यायचा आणि एक मुलगा, एक मुलगी निवडून पुढली दोन वर्षं फुकट शिकवायचा. राहणं, जेवणही फुकट. अभिमननं सुरतेहून स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "ती जागा भेटनी तं शिक पोरी, मी आडा येवाव नही. नही भेटनी तं तुन्हा मामा एक पाव्हना सांगी ऱ्हायना, तो देखाले येई." एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. दिपमालाला रात्री पाव्हन्याचं तोंड दिसायचं, आणि दर वेळी ते वेगळंच असायचं.

क्लासच्या फाटकाशी काळ्या ओढणीतली एक उंच पोरगी तिच्याकडे रोखून पाहत होती.

"दिपू?"

"तबस्सुम?"

"अगं, तू एवढीशीच आहेस होय? आवाजावरून मला वाटलं चांगली दांडगी असशील!" तबस्सुमनं तिचा हात धरला. मग उलटा करून पाहिला. बोंडांच्या टोकांनी बोटं जागोजागी चिरलेली. "यानं लिहिणार तू? थांब." तिनं भावाला हाक मारली. शेहजाद त्याच गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. तो पळत जाऊन चिकटपट्टी घेऊन आला. तबस्सुमनं तिच्या बोटांना पट्टी गुंडाळून दिली. "आता काढ पहिला नंबर. पण माझ्या मागे हां."

दोघी हसल्या. जागा एक आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

पेपरात चौथा प्रश्न तोच. गुरुत्वमध्य म्हणजे काय, रोजच्या जीवनातलं उदाहरण देऊन स्पष्ट करा. दिपमाला मनातल्या मनात उडालीच. तिनं 'माझी' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढच्या बाकावरच्या पोरीचे बूट पांढरेशुभ्र होते. आपल्या बोटांना चिकटपट्ट्या. वाचणाऱ्या सरांना आपली आई दिसेल, पोट पुढे काढून बदकासारखी चालणारी. ग्रुपवर बोलणं वेगळं, तिथं गंमत असते. इथं पेपरावर आपलं नाव आहे. तिनं 'माझी' खोडलं आणि गाईडातलं उदाहरण लिहून टाकलं, परदेशातल्या कललेल्या मनोऱ्याचं. मनोरा तिनं चित्रातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता.

ती गावात उतरते न उतरते तोच क्लासनं परीक्षेसाठी केलेल्या ग्रुपवर सरांचा आवाज आला. क्लास चालवणारे ज्ञानेश्वर सर माणूस सरळ, पण डोकं चुलीवरच्या दुधासारखं. पेपर त्याच दुपारी तपासायला घेतले होते.

"काय रे, तुम्हा सगळ्यांची आई एकच आहे का? पंधरा-वीस पेपर पाहिले, प्रत्येकाची आई कापूस वेचते! रोनक, तुझ्या आईला, राजकुंवरबेनला, मी ओळखतो. ती कोणाच्या वावरात जाते रे? शब्दाला शब्द तेच! हॉलमध्ये मी स्वतः उभा होतो, कॉपी झालेली नाही. म्हणजे प्रश्न आधीच फुटला. आणि पेपर कुठल्या दुकानात झेरॉक्स केला होता तेही मला माहीत आहे."

दिपमाला आधी हसली. मोठ्यानं हसली. मग शेवटचं वाक्य तिनं पुन्हा ऐकलं. पेपर फुटला, पेपर फुटला, असं सगळीकडे सुरू झालं. पोलीस येतात का यात? नाव कापतात का? तिनं 'मदत केंद्र' उघडलं, शुक्रवारचा आपला आवाज शोधला आणि सगळ्यांसाठी पुसून टाकला. तिथं एक फिकट ओळ उरली, हा मेसेज डिलीट केला आहे. तिला तेवढ्यापुरतं हलकं वाटलं.

सोमवारी शाळा बुडवून ती वावरात गेली. आभाळ आणखी खाली आलं होतं. पहिली ओळ संपायच्या आत फोन वाजला.

"दिपू, मी सरांना सांगितलं." तबस्सुमला धाप लागली होती. "की हे उदाहरण दिपमालाचं आहे, रोनकनं विचारलं म्हणून तिनं सांगितलं, मी फक्त टाइप केलं. सर म्हणाले दाखव. मी ग्रुप उघडला, तर तुझं रेकॉर्डिंगच नाही. माझंच लिहिलेलं तेवढं दिसतंय."

दिपमाला ओळीतून बाजूला झाली.

"मग त्यांनी तुझा पेपर काढला. त्यात कुठला तरी मनोरा. मला म्हणाले, खोटं तरी नीट बोल. जिचं उदाहरण आहे, ती स्वतःच ते लिहीत नाही होय? रोनकला विचारा म्हटलं, तर तो ग्रुप सोडून गेलाय, त्याचे पप्पा फोन घेऊ देत नाहीत. बाकीची पोरं घाबरून तोंड उघडत नाहीत, आणि क्लासमध्ये सगळे म्हणतात शेहजादभाईनं दुकानातून प्रश्न आणून मला दिला. मालकानं भाईला येऊ नको म्हणून सांगितलंय. अम्मी सकाळपासून रडतेय, दिपू. तू सरांना एक फोन कर. बस, एक फोन."

"हा... करस ना." दिपमालाच्या तोंडून कसंबसं आलं. "आते मायले फोन येई ऱ्हायना कोनना तरी, ठेव." फोन कोणाचाही येत नव्हता.

तिनं खरंच सरांचा नंबर काढला होता. अंगठा त्यावर होता. तेवढ्यात तोच नंबर वाजला. सर म्हणाले, "दिपमाला अभिमन पाटील? अभिनंदन. बाकी सगळ्यांनी घोळ घातला, तुझा पेपर स्वच्छ आहे. मुलींत तू पहिली. रविवारी पालकांना घेऊन ये."

तिनं "हो सर" म्हटलं. आणि फोन खिशात टाकला.

मंदाबाई ओटी सांभाळत जवळ आली होती. "कोन व्हतं वं?"

"क्लासना सर. रविवारले बलायं शे. जागा भेटनी म्हने."

मंदाबाई मटकन ढिगावर बसली. मग उठली आणि अख्ख्या वावराला ऐकू जाईल अशी ओरडली, "यशोदे! मन्ही आंडेरले जागा भेटनी वं!" सगळ्या बाया ओळी सोडून जमल्या. कोणी दिपमालाच्या गालावरून बोटं मोडली, कोणी डोळे पुसले. अभिमनला फोन लागला. मिलच्या खडखडाटातून तो नुसता "हाव? हाव?" करत होता. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दिपमाला मध्ये उभी राहून हसत होती आणि तिला वाटत होतं, भुई फाटून आत घ्यावं.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. शाळेत बसवेना, घरात बसवेना. वावरात गेली की हात सुटायचे, बोंडं ओरबाडून काढायची, मन भलतीकडे. फोन खिशात थरथरला की ती आधी नाव बघायची. तबस्सुमचे निरोप यायचे. 'केला का फोन?' मग, 'सर काय म्हणाले?' मग, 'दिपू, तू वाचतेस, निळ्या खुणा दिसतात मला.' त्यानंतर नुसतं तिचं नाव, 'दिपू'. मग तेही थांबलं. थांबलं तेव्हा जास्तच जड झालं. उत्तर द्यायला ती घ्यायची, दोन शब्द लिहायची, पुसायची. सांगितलं तर जागा जाणार, आणि जागा गेली की पाव्हना. नाही सांगितलं तर? तबस्सुमला असंही कोण जागा देणार होतं आता, असं ती स्वतःला समजवायची. मग बोटावरच्या पट्टीकडे लक्ष जायचं. पट्टी मळून काळी झाली होती, तरी तिनं काढली नव्हती.

गुरुवारी वावराचा मालक, ज्याला सगळे नाना म्हणत, वजनाला आला. दिपमालाच्या गाठोड्यात हात घालून त्यानं मूठभर कापूस वर धरला. त्यात वाळका पाला भरलेला.

"हाई काय शे मंदाबाई? कापूस येचा का बकऱ्यास्ले चारा? जळगावले शिकाले जाई ऱ्हायनी म्हने तुन्ही पोर. कापूस येचता येस नही, तठे काय उजेड पाडी?"

बाया खाली बघू लागल्या. मंदाबाई पुढे झाली. "मन्हं गाठोडं शे ते नाना. मन्ही नजर आते धड नही शे." आणि तिथंच फतकल मारून तिनं तो सगळा कापूस उपसून पाला वेचून काढायला घेतला. नजर तिची घारीसारखी होती. दिपमाला तिच्यासमोर बसली.

"माय, माले ती जागा नको."

"काब्र? नाना बोलना म्हनीसन? त्यानं काय मनवर लेस!"

"तसं नही..."

"येडी शे तू. चार बाया मरी जातीस इतलं काम करीसन, एकले असं काही भेटस." पुढे तिनं पोरीला बोलूच दिलं नाही. रविवारी कुठलं लुगडं नेसायचं, बरोबर कळण्याची भाकर न्यावी की तिथं काही खावं, याचंच ती बोलत राहिली. रविवारचा नानाकडचा अर्धा दिवस तिनं आधीच मोडून ठेवला होता.

रविवारी मायलेकी पहिल्या गाडीनं निघाल्या. मंदाबाईनं लग्नकार्यातलं निळं लुगडं नेसलं होतं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला तिनं गाडी सुटायच्या आत सगळं सांगून टाकलं. पिंप्राळ्यात रिक्षातून उतरताना दिपमालाला झेरॉक्सचं दुकान दिसलं. आत दुसराच कोणी पोरगा कागद लावत होता.

क्लासच्या खोलीत निवडलेला मुलगा आणि त्याचे आईवडील बसले होते. सरांनी मंदाबाईला नमस्कार केला, "बसा ताई," म्हणाले. मंदाबाई अगदी मागच्या बाकावर, टोकाला टेकली. सरांनी टेबलावरचा कागद दिपमालापुढे सरकवला. "इथं तू सही कर, खाली आईचा अंगठा किंवा सही."

"सर, ते उदाहरण माझं आहे."

"कुठलं?"

"कापसाचं. प्रश्न फुटला नव्हता सर. रोनकनं विचारलं, मी वावरातून बोलून पाठवलं. तबस्सुमनं फक्त लिहून काढलं. सगळ्यांनी पाठ केलं. शेहजादभाईचा काही संबंध नाही." एका दमात बोलली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सरांचा पारा चढला. "रेकॉर्डिंग कुठाय मग?"

"मी पुसलं. तुमचा आवाज ऐकला आणि भ्याले."

"आणि आठवडाभर गप्प बसलीस? ती पोरगी इथं उभी राहून रडत होती, मी तिला खोटारडी म्हणालो!" सर उठून उभे राहिले. मग मागे वळून मंदाबाईला विचारलं, "ताई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मंदाबाई गोंधळून उठली. "माले काय समजस भाऊ. पन ती फोनमा बोले खरी. बाया हासनात त्या दिवशी. मन्ही चाल दाखाडी म्हने."

सरांचा आवाज खाली आला. "दिपमाला, एक सांग. एवढं चांगलं उदाहरण तुझं स्वतःचं. वीस जणांनी लिहिलं. तू का नाही लिहिलंस?"

खोलीत पंखा फिरत होता. निवडलेल्या मुलाची आई हिच्याकडेच पाहत होती. खोटं बोलायला जागा होती, आठवलं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दिपमाला आठवडाभराच्या खोट्यानं कंटाळली होती.

"लाज वाटली सर."

"कशाची?"

तिनं मागं पाहिलं नाही. मागच्या बाकाची एक फळी तेवढी करकरली.

सरांनी समोरच झेरॉक्सवाल्याला फोन लावला. त्यानं दुसरा पोरगा ठेवला होता, ते तर दिसतच होतं. सर म्हणाले, मी स्वतः येऊन बोलतो, आणि फोन ठेवून कपाळ चोळत बसले. शेवटी म्हणाले, "परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. सगळ्यांची. जागेचं तेव्हा बघू. आणि मेहरूणला तबस्सुमकडे मी जातो, माफी मलाही मागायची आहे." टेबलावरचा कागद त्यांनी परत ओढून घेतला.

बसस्टँडवर गाडीला वेळ होता. दिपमालानं दोन्ही ग्रुपवर बोलून टाकलं, "ते उदाहरण मन्हं व्हतं. तबस्सुमनी चूक नही शे, तिन्हा भाऊनी नही शे. रेकॉर्डिंग मी पुसं." मग तबस्सुमला वेगळं पाठवलं. माफी कशी मागायची ते तिला येईना, नुसतं 'तबस्सुम' म्हणून थांबली आणि तेवढंच गेलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, गाडी लागली तरी बघत राहिली.

मंदाबाई वाटेत चकार शब्द बोलली नाही. जाताना तिनं सगळी गाडी डोक्यावर घेतली होती. आता भाकरीचं फडकं मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होती. रागावली असती, दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. दिपमाला दोनदा "माय" म्हणाली. मंदाबाई "हं" म्हणाली, एवढंच.

घरी येऊन तिनं निळं लुगडं घडी घालून ठेवलं, रोजचं नेसलं, वर शर्ट चढवला आणि नानाच्या वावराची वाट धरली. उरलेला अर्धा दिवस तरी पदरात पडावा म्हणून. ढग आता गावाच्या माथ्यावर आले होते. बायांनी विचारलं, "काय व्हयनं वं?" मंदाबाई म्हणाली, "परत परीक्षा शे," आणि ओळीला लागली.

दिपमाला पलीकडच्या ओळीत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, आई सारखी ढिगाकडे जातेय. ओटी अर्धीही भरली नसेल, की निघाली. कापूस ओतायची, परत यायची, चार झाडं वेचायची, की पुन्हा निघाली. आणि चालताना ताठ. अगदी ताठ, पाय जवळ घेऊन. ओटी बांधून मंदाबाई आयुष्यात अशी कधी चालली नसेल. यशोदाबाई वैतागून म्हणाली, "मंदे, निस्त्या खेपाच घालशी का येचशी बी? पानी ई ऱ्हायनं ना वर!" मंदाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणखी मूठभर कापूस ओटीत टाकला, पोटाकडे खाली पाहिलं आणि पुन्हा निघाली.

जागा जाते म्हणून दिपमाला इतके दिवस रडली नव्हती. आता डोळे भरून आले ते थांबेनात. नाक शर्टाच्या बाहीला पुसत ती वेचत सुटली. हाताला पाला लागू देत नव्हती. ओटी भरली तरी थांबली नाही. दाबून दाबून भरली, गाठ काचली, कंबरेतून कळ निघाली. मग ती निघाली. ढिगाकडे सरळ न जाता आईच्या ओळीवरून. पोट पुढे, पाठ मागे, बदकासारखी. बाया बघायला लागल्या.

मंदाबाई वाकलेली होती. तिनं मान वर केली.

दिपमाला तिच्यासमोर येऊन थांबली. सवय नव्हती, इतकी भरलेली ओटी घेऊन ती कधी उभीच राहिली नव्हती. पुढं झोक जाऊ लागला. ती नुसती आईकडे पाहत तोल सावरत राहिली.

मंदाबाईनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं.

"पाय फाकाड ना येडे," ती म्हणाली, "तोंडवर पडशी."

दिपमालानं पाय फाकवले. मंदाबाईनं हात पुसून तिच्या कमरेची सैल झालेली गाठ करकचून आवळून दिली, एक चापट तिच्या पाठीत घातली आणि परत वेचायला वाकली. या खेपेला ओटी काठोकाठ भरेपर्यंत ती उठली नाही.